रीळ बदलेपर्यंत

डॉक्टर मथुराक्का माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते हुकमाचं होतं. "पुढच्या रविवारी त्या डॉक्टरचं तोंड पडद्यावर आलं, की चित्र तिथंच थांबवून ठेवा. मला बायकांना दाखवायचंय."

मी तेव्हा जळगावच्या एका थेटरात ऑपरेटर होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. माझी खोली म्हणजे पडद्यासमोरच्या भिंतीत उंचावर बसवलेलं पत्र्याचं खुराडं. लोखंडी शिडीनं वर चढायचं. आत दिव्याचा उकाडा आणि भिंतीत दोन चौकोनी भोकं. एकातून उजेड बाहेर जायचा, दुसऱ्यातून मी बघायचो. त्या शिडीवर तोवर एकही बाई चढलेली मी पाहिली नव्हती. ही पन्नाशीकडे झुकलेली बाई एका हातात औषधांची बॅग घेऊन वर आली, दम खायलासुद्धा थांबली नाही, आणि मला हे सांगून मोकळी झाली.

मी म्हणालो, "बाई, चित्र थांबवता येत नाही. दिव्यासमोर फिल्म उभी राहिली की वाळल्या कापसासारखी पेटते."

त्यांनी माझ्या यंत्राकडे रोग्याकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, मग थांबतं केव्हा? मी सांगितलं, रीळ संपलं की. आमच्याकडे यंत्र एकच होतं. त्यामुळे दर रिळाला थेटरात दिवे लागत आणि मी दुसरं रीळ चढवेपर्यंत लोक बिड्या पेटवीत, बायका पोरांना पाजून घेत. किती वेळ लागतो, असं त्यांनी विचारलं. तीन मिनिटं, मी म्हणालो.

"पाच करा," असं म्हणून त्या शिडी उतरू लागल्या.

दर रविवारी दुपारी तीनला आमच्याकडे बायकांचा खेळ असायचा. पुरुषांना मज्जाव. दारावर तिकीट बघायलासुद्धा बाई बसायची. आख्ख्या इमारतीत पुरुष काय तो मी एकटा, आणि मला कोणी पुरुषांत धरत नसे. तेव्हा इथं जे लिहितो आहे ते बहुतेक त्या भोकाला डोळा आणि कान लावून मिळालेलं आहे.

मथुराक्का मूळच्या भडगावच्या, शेतकरी घरातल्या. मुंबईला डॉक्टरकी शिकून आल्या आणि जळगावात दवाखाना घातला. याहून जास्त मला माहीत नाही आणि विचारायची छातीही झाली नाही. अंगानं काटक, हात मात्र गड्याचे. ते हात त्या दिवसातून इतक्या वेळा धुवायच्या की बोटांची कातडी कायम सुरकुतलेली असे. थेटरात शिरल्यावरही आधी पाण्याच्या रांजणाशी जाऊन हात धुणार, मग जागेवर बसणार. आमची पाणी भरणारी बाई त्यांच्यावर खार खाऊन असे. कोणाच्याही घरी गेल्या की रोगी कुठाय हे विचारायच्या आधी विचारत, खिडकी कुठाय? आणि चित्रात रडण्याचा प्रसंग आला, शेजारच्या बायका पदर ओले करायला लागल्या, की या बटव्यातून शेंगदाणे काढून खायला लागत. कितीतरी बायकांना त्याचा राग यायचा. बोलपटातल्या डॉक्टरांना त्या एकच शब्द वापरत, तो म्हणजे गाढव.

बोलपटावर त्यांचा राग होता म्हणूनच त्या बोलपटाला यायच्या. त्या मला एकदा म्हणाल्या, मी दवाखान्यात दिवसभर घसा कोरडा करते तेव्हा चार बायका ऐकतात, आणि तुमच्या पडद्यावर एक गाढव कोट घालून येतं तेव्हा चारशे बायकांना ते खरं वाटतं. मग मी जाऊ कुठं?

त्यांची रीत अशी. रीळ संपलं, दिवे लागले की तिसऱ्या रांगेतून उठायच्या आणि पडद्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. व्याख्यान कधी दिलं नाही. त्या विचारायच्या.

पहिल्या रविवारी चित्रात एका जमीनदाराच्या सुनेचं बाळंतपण होतं. डॉक्टर मोटारीतून उतरतो, गरम पाणी आणा म्हणून ओरडतो, कोटासकट आत जातो, दार बंद होतं, बाहेर विजा कडाडतात आणि पोर रडतं. तिथं नेमकं रीळ संपलं. मथुराक्का उठल्या आणि आपल्या भडगावच्या बोलीत विचारलं, "त्या डॉक्टरले गरम पानी कसाले पाहिजे व्हतं?"

मागून एका म्हातारीनं उत्तर दिलं, "च्या कराले."

सगळं थेटर हसलं. मथुराक्काही हसल्या, मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे नाळ कशानं कापतात? कोणी विळा म्हणालं, कोणी पातं. ते आधी कुठं पडलेलं असतं? त्यावर काय लावता? राख, शेण. सातव्या दिवशी आखडून किती पोरं गेली? आता हसणं थांबलं होतं. बायका बोटं मोजायला लागल्या होत्या. गरम पाणी कशाला, ते त्यांनी शेवटच्या एका मिनिटात सांगितलं: हात, पातं आणि दोरा उकळत्या पाण्यात. मी रीळ केव्हाच चढवून बसलो होतो, पण खालून त्यांनी मान हलवेपर्यंत सुरू केलं नाही. पुढं पेठेतल्या सुइणी त्या उकळलेल्या पाण्याला 'थेटरनं पानी' म्हणायला लागल्या, आणि अजूनही काही घरांत म्हणतात असं ऐकतो.

दुसऱ्या एका चित्रात आंधळ्या नायिकेला देवळात डोकं आपटून आपटून दृष्टी येते. दिवे लागले तेव्हा एक म्हातारी आपणहून उभी राहिली आणि म्हणाली, "तिले देवनी डोया दिधात. माले कोन दी?" मथुराक्का तिच्याजवळ गेल्या, तिची हनुवटी धरून डोळे दिव्याकडे केले आणि म्हणाल्या, बुधवारी ये. त्या आठवड्यात त्या तिला आणि आणखी पाच जणींना मोटारीनं धुळ्याला घेऊन गेल्या, तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडून मोतीबिंदू काढवले. महिन्याभरानं म्हातारी जाड भिंगांचा चष्मा लावून थेटरात आली, पडद्यावरच्या नायिकेकडे बराच वेळ बघत बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "हाई पोर नही, चांगली बाई शे."

गावातले बाकीचे डॉक्टर मथुराक्कांना सिनेमा डॉक्टर म्हणत. क्लबात बसून नाकं मुरडत. यांच्यापैकी एकालाही कधी वाटलं नाही की चारशे बायका एका छपराखाली बसल्यात तर आपणही जाऊन दोन शब्द बोलावे. बाई करते आहे ना, मग तिला हसायचं, एवढंच त्यांचं काम. मला हे आज लिहितानासुद्धा चीड येते, आणि ती लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

मग ते क्षयाचं चित्र आलं.

चित्र असं होतं. नायिका खोकते, पदर तोंडाला लावते, त्यावर रक्ताचा डाग पडतो. ती तो लपवते. नवऱ्याला आणि तान्ह्या मुलाला आपला रोग लागू नये म्हणून ती आपणहून घर सोडते, नदीकाठच्या झोपडीत जाऊन राहते आणि गाणं म्हणत मरते. नवरा एक मिनिट उशिरा पोचतो. सहा आठवडे चाललं. बायका इतक्या रडायच्या की मला यंत्राचा आवाज वाढवावा लागे. मथुराक्का शेंगदाणे खात होत्या.

पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, तिला तपासलं कोणी? कोणीच नाही, बायका म्हणाल्या. मग क्षय आहे हे कुणी ठरवलं? तिनंच. मथुराक्का म्हणाल्या, लाल दिसलं तर वेळ घालवू नका, माझ्याकडे आणा, मी बेडका भिंगाखाली बघते. तोवर माणूस वेगळं झोपवा, भांडी वेगळी ठेवा, थुंकायला राख घातलेला डबा द्या, आणि ऊन-वारा येईल अशी खोली द्या. पहिल्या रांगेत गावातल्या एका वकिलांची आई बसली होती. तिनं दोनदा उठून विचारलं, वेगळं म्हणजे किती वेगळं? मथुराक्कांनी दोन्ही वेळा समजावून सांगितलं. तिच्या शेजारी तिची सून बसली होती, वकिलांची बायको, इंदू. शिंदखेड्याची पोर, दिवस भरत आलेले, डोळे रडून सुजलेले. खेळ सुटल्यावर मथुराक्का मला म्हणाल्या, अशा विचारणाऱ्या सासवा पाहिजेत.

सहाव्या रविवारी, शेवटून दुसरं रीळ संपलं तेव्हा वकिलांकडे कपडे धुणारी बाई मागच्या बाकावर उभी राहिली. ती काही विचारायला उठली नव्हती. म्हणाली, "आम्हनी वहिनीले बी तसंच ठेवेल शे. लाकडासनी खोलीमा."

मथुराक्कांनी बॅग उचलली आणि त्या तिला घेऊन बाहेर गेल्या. मी चित्र पुरं केलं, कारण माझं कामच ते होतं. खेळ सुटताच मथुराक्कांचा निरोप आला, खाट घेऊन या. वकिलांचं घर थेटरामागच्याच गल्लीत. पाणी भरणाऱ्या बाईच्या नवऱ्याला घेऊन मी गेलो तेव्हा दिवस अजून वर होता.

घर चांगलं होतं. दिवाणखान्यात वकीलसाहेबांच्या पदव्या काचेत लावलेल्या. हेच गृहस्थ दर गणेशोत्सवात स्त्रीशिक्षणावर बोलायचे. मागच्या अंगणात सरपणाची खोली, बाहेरून कडी, दाराशी एक लांब काठी. जेवणाचं ताट त्या काठीनं आत सरकवायचे. आत ओल होती आणि अंधार होता. इंदू गोणपाटावर पडली होती. तिला बाळंत होऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

मथुराक्का तिच्याजवळ जमिनीवर बसलेल्या. वकीलसाहेब दारातून, नाकाला रुमाल लावून बोलत होते. म्हणाले, "बाई, तुम्हीच तर सांगितलंत. आईनं अक्षर न् अक्षर पाळलंय."

"खिडकीही सांगितली होती मी."

"या खोलीला खिडकीच नाही, त्याला आम्ही काय करणार?"

मी आयुष्यात पुष्कळ वाईट माणसं पाहिली. पण इतक्या शांतपणे, इतक्या स्वच्छ मराठीत असं वाक्य बोललेलं पुन्हा ऐकलं नाही. त्या घरात खिडकीच्या सहा खोल्या होत्या, त्या मी जाता येता डोळ्यांनी पाहिल्या.

आम्ही खाट आत नेली तेव्हा इंदू यायला तयार होईना. तिचा आवाज फुटत नव्हता, पण शब्द कळत होते. म्हणाली, "मला कोणी कोंडलं नाही अक्का. मीच आले. त्या चित्रातल्या बाईसारखी. माझं बाळ वाचेल ना?" मथुराक्कांनी तिला दोन हातांनी उचलून खाटेवर ठेवलं.

दवाखान्याच्या ओसरीवर, उन्हात, तिला ठेवलं. तीनदा बेडका तपासला. क्षयाचा जंतू एकदाही सापडला नाही. फुप्फुसं मात्र न्युमोनियानं भरली होती, त्या ओलीनं आणि उपाशीपोटी. मग वकिलांच्या घरचे सांगत होते तो पदरावरचा लाल डाग कसला? ते मथुराक्कांनी कपडे धुणाऱ्या बाईकडून काढून घेतलं, आणि मला सांगताना त्यांचा आवाज जराही चढला नाही. बाळंतिणीची खोली दारं लावून बंद केलेली. खाटेखाली ओव्याची धुरी. त्या धुरात कोणीही खोकेल. आणि जेवणानंतर बाळंतिणीला विडा द्यायचाच, काताचा, लालभडक. विडा तोंडात असताना इंदूला धुराची उबळ आली, तिनं पदर तोंडाला लावला, पदर लाल झाला. सासूनं ते पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वी पडद्यावर पाहिलं होतं तेच, तस्संच. विडा तिनंच लावून दिला होता, धुरी तिनंच घातली होती. पण तिला ते आठवलं नाही, चित्र आठवलं. आणि दवाखाना घरापासून अडीचशे पावलांवर होता.

अकराव्या दिवशी भर दुपारी इंदू गेली. सासरचं कोणी आलं नव्हतं, बाळही दाखवायला आणलं नव्हतं. शिंदखेड्याहून तिचा बाप आला तो दुसऱ्या दिवशी.

पुढं जे झालं त्यानं माझ्या डोक्यात आजही तिडीक उठते. वकीलसाहेबांनी गावच्या साप्ताहिकात पत्र लिहिलं, की करमणुकीच्या जागी अर्धवट वैद्यकीय चर्चा केल्यानं कुटुंबांत भीती पसरते, आणि त्याचा कटू अनुभव खुद्द लेखकास आला आहे. लोकांनी वाचून माना डोलावल्या. क्लबातले डॉक्टर म्हणाले, आम्ही सांगतच होतो. वकीलसाहेबांनी कै. इंदूच्या नावानं स्टेशन रस्त्याला पाणपोई घातली. चौथ्या महिन्यात दुसरं लग्न केलं, आणि त्या वरातीचा बँड आमच्या थेटरावरून वाजत गेला. आमच्या शेठनी मथुराक्कांना निरोप दिला की चित्र बघायला खुशाल या, पण उठून बोलायचं नाही. मला ताकीद दिली, रीळ तीन मिनिटांत चढलं पाहिजे. मी हो म्हणालो. माझा राग जगावर आहे, त्यात हा हो सुद्धा धरावा.

मथुराक्का थेटरात यायच्या थांबल्या. दवाखाना चालू होता, पण बायका कमी झाल्या होत्या. पत्राचा परिणाम. काही घरांत म्हणे बाळंतीण खोकली की आधीच मागच्या दारी हलवायला लागले होते, आणि डॉक्टरीणबाईंना कळू द्यायचं नाही अशी बोली होती. रोगापेक्षा आता मथुराक्कांची भीती जास्त होती.

पाच-सहा महिन्यांनी तेच चित्र शेठनी पुन्हा आणलं. पैसा वसूल चित्र ते, का नाही आणणार? मला धुळ्याच्या थेटरात काम मिळालं होतं आणि तो माझा जळगावातला शेवटचा रविवार होता. तीनच्या खेळाला भोकातून पाहिलं तर मथुराक्का रांजणाशी हात धूत होत्या. तिसऱ्या रांगेत येऊन बसल्या. शेजारच्या दोघी उठून दुसरीकडे गेल्या.

पहिली सगळी रिळं त्या गप्प बसल्या. दिवे लागत, बायका चोरून त्यांच्याकडे बघत, दिवे जात. या वेळी त्यांनी शेंगदाणे काढले नाहीत. शेवटचं रीळ लावायच्या आधी दिवे लागले तेव्हा त्या उठल्या आणि पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. दाराशी शेठचा माणूस होता, तो आत येऊ शकत नव्हता, कारण बायकांचा खेळ. तो दारातूनच वर बघून मला हातानं खुणा करत होता, लाव, लाव.

मथुराक्का म्हणाल्या, "वकिलनी बायको मरनी, ती क्षयनी नही मरनी. तिले एकलीले ठेवं म्हनीसन मरनी. येगळं ठेवा, आसं मी आठेच सांगं. तिना जोडे बसा, तिले इचारा, हाई सांगानं ऱ्हाई गयं. चूक मनी शे."

तिच्याजवळ बसा, तिला विचारा, हे सांगायचं राहून गेलं, ही चूक त्यांनी कबूल केली. त्या आख्ख्या गावात ते एकट्या त्यांनीच केलं, आणि करायचं कारण सर्वांत कमी त्यांना होतं. मला खाली उतरून त्या शेठच्या माणसाची मानगूट धरावीशी वाटली.

मग त्यांनी विचारलं, "आज तुमना घरमा कोन बंद शे?"

शेठचा माणूस दार वाजवायला लागला. मग मधल्या रांगेतली एक बाई उठली, कडेवर पोर होतं, आणि तिनं मान खाली घातली. मथुराक्का बाकांमधून तिच्यापाशी गेल्या आणि तिचा दंड धरला. पलीकडून दुसरी उठली. ती म्हणाली, मन्ही ननंद. मग कोपऱ्यातली एक म्हातारी उठली.

बॅग उचलून मथुराक्का त्या तिघींसह दाराकडे निघाल्या. त्यांच्यामागून आणखी बायका उठल्या, काही शेजारणी म्हणून, काही नुसतं बघायला, काही का ते त्यांनाच ठाऊक. शेठचा माणूस बाजूला झाला. माझ्या खुराड्याला रस्त्याच्या अंगाला एक झरोका होता, त्यातून मी पाहिलं. ऊन कडक होतं. मथुराक्का सगळ्यांच्या पुढं, कडेवर पोर असलेल्या त्या बाईचा दंड अजून धरलेला, तिला जवळजवळ ओढत, आणि मागं लुगड्यांची ही लांबलचक रांग. त्या कोपऱ्यावरून वळल्या. त्यांचं मला झालेलं ते शेवटचं दर्शन.

खालून पुन्हा हाक आली. मी शेवटचं रीळ लावलं. ती झोपडीत गाणं म्हणत मेली, नवरा एक मिनिट उशिरा पोचला, आणि थेटरात तिच्यासाठी रडायला कोणी उरलं नव्हतं.